रील आली कुठून? आयरिश चालीचा माग काढायचा कसा, अगदी पहिल्यापासून

पबमध्ये सेशन, म्हणजे आयरिश वादकांची मिळून वाजवायची बैठक, रंगात आलेलं असतं, आठ-दहा जण गोल करून बसलेले, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), लाकडी फ्लूट, कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी पेटी), कोपऱ्यात एखादा पाइप्सवाला (आयरिश बॅगपाइप वाजवणारा), आणि मध्येच एक चाल अशी येते की आपला ग्लास तोंडापाशी येऊन थांबतो. ती संपली की शेजारच्या आजोबांना आपण विचारतो, हिचं नाव काय हो? आजोबा डोकं खाजवतात आणि म्हणतात, "ही होय? ही त्या आधीच्या चालीनंतर वाजवतात ती." डब्लिनला आलो त्या पहिल्याच वर्षात हे उत्तर मला तीन वेगवेगळ्या माणसांकडून मिळालं. तेव्हा वाटायचं हे लोक माझी फिरकी घेतायत. घेत नव्हते, पण ते शेवटी.

रील म्हणजे इन्स्टावरची नाही हे आधीच सांगतो, कारण सर्चला ते कळत नाही आणि पहिली पन्नास रिझल्ट नाचणाऱ्या मुलींचीच येतात. रील हा नाचाचा ताल, चार मात्रांचा, प्रत्येक मात्रेत दोन सूर म्हणजे एका बारमध्ये, चार मात्रांच्या एका तुकड्यात, आठ. बहुतेक रीलला दोन भाग, प्रत्येक भाग आठ बारचा, दोन्ही भाग दोनदोनदा वाजवले की बत्तीस बारचं एक आवर्तन. सेशनच्या स्पीडला याला साधारण पस्तीस सेकंद लागतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येतो.

उदाहरणाला मी 'रेकिश पॅडी' घेतोय, कारण हिच्या मागे लागलं की आयर्लंड, शिकागो, स्कॉटलंड असं सगळीकडे फिरून होतं.

पहिलं काम, चाल हातात पकडा. फोनवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून, कुणी नाही म्हणत नाही, न विचारता फोन टेबलावर ठेवला की मात्र भुवया चढतात. घरी येऊन ती फाइल ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची आणि हवी ती चाल कापून वेगळी करायची. इथे नवीन माणूस अडकतो, कारण आयरिश लोक एकटी चाल वाजवत नाहीत, दोन-तीन चाली न थांबता एकाला एक जोडून वाजवतात, त्याला सेट म्हणतात. कुठे एक संपून दुसरी सुरू झाली हे कानाला पटकन कळत नाही, मग पस्तीस सेकंदांचा हिशोब लावायचा. प्रत्येक चाल दोन किंवा तीन वेळा वाजवतात, म्हणजे सुरुवातीपासून साधारण सत्तर किंवा एकशे पाच सेकंदांच्या आसपास कान टवकारायचे, तिथे गिअर बदललेला ऐकू येतो.

सीडी, एलपीच्या बाबतीतही हेच. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश फोक-रॉक बँडने १९६९च्या 'लीज अँड लीफ'मध्ये रेकिश पॅडी वाजवलीय, पण ती चार चालींच्या मेडलीमधली दुसरी आहे, म्हणजे नुसती ट्रॅकची नावं वाचत बसलात तर ती तुम्हाला सापडणारच नाही.

आता चालीचा ठसा काढायचा. सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि लोक नेमकी हीच गाळतात आणि थेट नावाच्या मागे लागतात. नाव सोडा, सूर धरा. आपल्याला सरगम येते हा इथे चक्क फायदा आहे. सा ठरवायचा, बहुतेक वेळा चाल ज्या सुरावर येऊन टेकते तो, आणि पहिल्या दोन बारचे सूर लिहायचे. सोपी चाल घेऊन दाखवतो, 'द विंड दॅट शेक्स द बार्ली' नावाची रील आहे, डी मेजरमधली, म्हणजे डी हा सा. तिचे पहिले दोन बार असे: पऽपध पगरेसा, धऽधप धनीसांध. यातले फक्त जोराचे सूर घ्या, म्हणजे प्रत्येक बारचा पहिला आणि पाचवा. प प, ध ध. हा झाला ठसा. मधले सूर प्रत्येक वादक स्वतःच्या मनाने बदलतो, कुणी रोल घेतो (एका सुराभोवती गिरकी), कुणी तीन सूर घुसवतो, कुणी श्वास घ्यायला एक सूर खाऊनच टाकतो, पण जोराचे सूर बहुतेक जागचे हलत नाहीत. दोन रेकॉर्डिंगं एकाच चालीची आहेत का हे ठरवताना याच सुरांवर बोट ठेवायचं.

रेकिश पॅडीचा ठसा काढायला जरा जड जातो. डी ला सा मानलं तर ती आपल्या खमाज थाटासारखी, सगळं शुद्ध आणि नी कोमल, पण चालीची सुरुवातच त्या कोमल नीवर होते आणि तोही लांबवलेला, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना तोच सा वाटतो. मी चार दिवस सी ला सा धरून बसलो होतो. त्यात भर म्हणजे बरेच पाइप्सवाले आणि जुने फिडलवाले हा नी ना धड कोमल लावत ना धड शुद्ध, मध्येच कुठेतरी ठेवतात, आणि स्टाफ नोटेशनमध्ये त्याला जागाच नाही. एक पुस्तक सी नॅचरल (आपला कोमल नी) लिहितं, दुसरं सी शार्प (शुद्ध नी), आणि वाचणाऱ्याला वाटतं या दोन वेगळ्या चाली आहेत.

ठसा झाला की मग नाव. इथे मशीनची मदत घ्या, ट्यूनपल नावाचं अॅप आहे, डब्लिनच्याच ब्रायन डगनने केलेलं, त्याला काही सेकंद चाल वाजवून दाखवली की ते जुळणाऱ्या चालींची यादी देतं. माझा अनुभव, एकट्या टिन व्हिसलवर (पत्र्याची छोटी शिट्टीवजा बासरी) किंवा फ्लूटवर वाजवून दाखवलं तर छान चालतं, गजबजलेल्या पबमधलं रेकॉर्डिंग दिलं की काहीच्या काही सांगतं. म्हणून आधी स्वतः वाजवायला शिका, स्वस्तातली टिन व्हिसलही पुरे.

यादी आली की द सेशन ही साइट उघडायची. तिथे प्रत्येक चालीच्या पानावर तीन गोष्टी असतात, पर्यायी नावं, लोकांनी घातलेली वेगवेगळी नोटेशन्स आणि ती चाल कुठल्या कुठल्या अल्बमवर आहे त्याची यादी. पर्यायी नावं सगळी कॉपी करून घ्या, एकही सोडू नका, स्पेलिंगच्या चुकांसकट. ट्रॅडिशनल ट्यून आर्काइव्हवर त्याच चालीचं पान बघा, तिथे जुन्या छापील पुस्तकांचे संदर्भ आणि गोष्टीवेल्हाळ टिपा असतात. आणि अॅलन उंग यांचा आयरिश ट्यून इन्फो हा इंडेक्स, तो दिसायला कोरडा आहे पण रेकॉर्डिंगच्या बाबतीत माझा त्याच्यावर जास्त भरवसा आहे, कारण तो एका माणसाने नीट ऐकून जुळवलेला आहे, वाटेल त्याने येऊन भर घातलेला नाही.

नावांचा घोळ किती असतो? वर ज्या बार्लीवाल्या रीलचं उदाहरण दिलं, त्याच नावाचं रॉबर्ट ड्वायर जॉइसचं १७९८च्या उठावावरचं गाणं आहे, त्याची चाल पूर्ण वेगळी, आणि त्याच नावाचा २००६चा सिनेमा आहे. नावाने शोधलंत तर आधी सिनेमा, मग गाण्याची पन्नास रेकॉर्डिंगं आणि रील कुठेतरी तळाला. दुसरा प्रकार, ईस्ट गॉलवेचे फिडलवादक पॅडी फेही यांनी ढीगभर चाली बांधल्या आणि एकीलाही नाव दिलं नाही, त्यामुळे सगळ्याच 'पॅडी फेहीज'. आणि अल्बमच्या कव्हरवर 'गान अनम' दिसलं तर ते चालीचं नाव समजून शोधत बसू नका, आयरिशमध्ये त्याचा अर्थ 'बिननावाची'. हसू नका, मी शोधलंय.

आता छापील पुस्तकं. सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव म्हणजे फ्रान्सिस ओनील. कॉर्क काउंटीतला माणूस, १८४८चा जन्म, पुढे अमेरिकेत जाऊन १९०१ ते १९०५ शिकागो शहराचा पोलीस प्रमुख, आणि तिथल्या आयरिश वादकांकडून चाली गोळा करायचं वेड. १९०३च्या पुस्तकात १८५० चाली, १९०७च्या 'डान्स म्युझिक ऑफ आयर्लंड'मध्ये १००१. दोन्ही स्कॅन करून नेटवर फुकट आहेत. जाता जाता, आपले भातखंडे बंदिशी गोळा करून नोटेशनमध्ये बसवत होते तो काळही साधारण हाच, आणि दोघंही वारले १९३६ साली. योगायोगच, पण मला तो आवडतो, आणि दोघांवरची तक्रारसुद्धा तीच आहे, की कागदावर सांगाडा उतरला, गळा किंवा हात नाही उतरला. ओनीलच्या पुस्तकात चाल सरळसोट दिसते, अलंकार जवळपास नाहीतच, आणि ती नेमकी कुणाकडून घेतली हेही दर वेळी कळत नाही.

त्याच्या उलट ब्रेंडन ब्रानाक. 'क्योल रिन्स ना हेरन' या त्यांच्या मालिकेचा पहिला भाग १९६३चा. यात प्रत्येक चाल कुठल्या वादकाकडून घेतली ते दिलंय आणि मागे टिपा आहेत, टिपा आयरिश भाषेत, पण नावं आणि सालं तर वाचता येतात ना. दोन छापील नोटेशन्समध्ये भांडण लागलं तर मी ज्याच्यावर वादकाचं नाव आहे त्याच्या बाजूने जातो.

ओनीलच्याही आधीच्या काळात जायचं तर बॉस्टनचं १८८३चं रायन्स मॅमथ कलेक्शन बघा, हजारावर चाली आहेत. हस्तलिखितांमध्ये कॅनन (चर्चमधला हुद्दा) जेम्स गुडमन यांचं, एकोणिसाव्या शतकातल्या मन्स्टरच्या, म्हणजे दक्षिण आयर्लंडच्या, पाइप्सवाल्यांकडून लिहून घेतलेलं, ट्रिनिटी कॉलेजात ठेवलेलं. आणि अॅलॉयस फ्लाइशमन यांचा १९९८ साली निघालेला दोन खंडांचा ग्रंथ, १८५५ पर्यंतच्या जवळपास सात हजार चाली सालवार लावलेल्या. ही पुस्तकं विकत घ्यायच्या फंदात पडू नका, डब्लिनमध्ये मेरियन स्क्वेअरला ७३ नंबरच्या घरात आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक आर्काइव्ह आहे, १९८७ साली स्थापन झालेलं, तिथे जाऊन फुकट बघता येतं. पुणे-मुंबईहून शोधणाऱ्यांसाठी त्यांच्या साइटवरही पुष्कळ नोटेशन्स आणि जुनी रेकॉर्डिंगं आहेत.

छापील पुस्तकाबद्दल एकच ताकीद. पुस्तकाचं साल म्हणजे चालीचं साल नाही. १९०७मध्ये छापली याचा अर्थ १९०७च्या आधीची, बास, किती आधीची ते पुस्तक सांगत नाही.

रेकॉर्डिंगकडे येऊ, माझा जीव खरा इथे अडकलाय. सगळ्यात जुनं म्हणजे मेणाची सिलिंडरं. ओनीलने स्वतः शिकागोत वादकांची सिलिंडरं भरली होती, त्यातली काही डन नावाच्या कुटुंबाकडे वाचली आणि आता मिलवॉकीच्या वॉर्ड आर्काइव्हमार्फत ऐकायला मिळतात. खरखर इतकी की पावसात पत्र्याच्या शेडखाली उभं राहून ऐकतोय असं वाटतं, पण पॅट्सी टूहीचे पाइप्स त्यातूनही वर येतात.

मग ७८च्या तबकड्या, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन रेकॉर्ड. १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये एलन ओबर्न डेविट या दुकानदार बाईंनी कोलंबिया कंपनीच्या मागे लागून एडी हर्बोर्न आणि जॉन व्हीलर या जोडीचं, अॅकॉर्डियन आणि बँजोचं, रेकॉर्डिंग करून घेतलं. ते खपलं आणि मग रांगच लागली. स्लायगोचा मायकेल कोलमन, जेम्स मॉरिसन, पॅडी किलोरन, हे फिडलवाले न्यूयॉर्कमध्ये वाजवायचे आणि तबकड्या बोटीने परत आयर्लंडला यायच्या, आणि गावातली पोरं त्या ऐकून स्वतःच्या आजोबांची चाल सोडून कोलमनसारखी वाजवायला लागायची. म्हणजे १९५०च्या एखाद्या फील्ड रेकॉर्डिंगमध्ये चाल कोलमनसारखी ऐकू आली तर ती 'गावातली जुनी परंपरा' असेलच असं नाही, घरात ग्रामोफोन होता का ते विचारा.

७८ची तारीख काढायची असेल तर कॅटलॉग नंबरवर (विक्रीसाठीचा) जाऊ नका, मॅट्रिक्स नंबर (त्या रेकॉर्डिंगला दिलेला) बघा. लेबलच्या भोवती जो गुळगुळीत पट्टा असतो त्यात तो कोरलेला असतो. तो नंबर डिस्कोग्राफी ऑफ अमेरिकन हिस्टॉरिकल रेकॉर्डिंग्ज या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या साइटवर टाकला की कुठल्या दिवशी, कुठल्या शहरात, कितव्या टेकला भरलं ते बहुतेक वेळा निघतं. फोटो मागवायची लाज बाळगू नका, विकणारे पाठवतात.

रेकॉर्ड केल्याची तारीख आणि विक्रीला आल्याची तारीख यात किती फरक पडतो बघा. रेकिश पॅडीचं माझ्या मते सगळ्यात जबरदस्त रेकॉर्डिंग जॉनी डोरनचं. हा भटक्या समाजातला पाइप्सवादक, घोड्याच्या कॅरव्हॅनमधून गावोगाव फिरून जत्रांमध्ये, मॅचच्या मैदानाबाहेर उभ्याने वाजवायचा. १९४७ साली आयरिश फोकलोर कमिशनसाठी केविन डॅनहर यांनी त्याला डब्लिनमध्ये तबकडीवर भरून घेतलं. पुढच्याच वर्षी त्याच्या कॅरव्हॅनवर भिंत कोसळली आणि १९५०च्या जानेवारीत तो गेला. त्याचं वादन आज आपल्याला माहीत आहे ते त्या थोड्या तबकड्यांमुळे. त्या सगळ्यांना विकत मिळायला लागल्या १९८८मध्ये, 'द बंच ऑफ कीज' नावाच्या कॅसेटवर. आता नेटवरच्या कितीतरी यादींत याच्यापुढे १९८८ असं साल दिसतं, आणि ते बघून कुणी म्हणेल की डोरन अमक्याचं ऐकून वाजवतोय, ज्याने खरं तर डोरनचं ऐकलं होतं. म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगची नोंद ठेवायची जी माझी शीट आहे, तिच्यात दोन वेगळे कॉलम आहेत, भरलं कधी आणि निघालं कधी.

आता स्पीड आणि पट्टी. जुन्या तबकड्या नेमक्या अठ्ठ्याहत्तरनेच फिरायच्या असं नाही, आणि अपलोड करणाऱ्यानेही कुठल्या स्पीडने वाजवली देव जाणे. स्पीड सहा टक्क्यांनी चुकला की पट्टी अख्ख्या अर्ध्या सुराने सरकते. मी एकदा एका फिडलच्या ७८वरून अख्खी चाल ई फ्लॅटमध्ये लिहून काढली, भरपूर फ्लॅट चिन्हांसकट, आणि वर शहाणपणाची टीपही मारली की वादकाने मुद्दाम अवघड पट्टी निवडलीय. ओळखीच्या एका फिडलवालीने ते बघितलं आणि म्हणाली, अरे उघड्या तारांचा आवाज येतोय की, तो डी मधलीच बोटं वापरतोय, फिडल वर चढवून लावलीय नाहीतर तबकडी जोरात फिरतेय. झालं. तेव्हापासून नोटेशन वादकाच्या बोटांप्रमाणे लिहितो आणि ऐकू येणारी पट्टी बाजूला नोंदवतो. पाइप्सचंही तेच, सी, बी, बी फ्लॅट अशा खालच्या पट्टीचे पाइप्स असतात, पण बोटं डीचीच समजून लिहायची पद्धत आहे.

लिहिताना स्पीड साठ टक्क्यांवर आणा, पट्टी न बदलता, आणि एकच आवर्तन लिहून थांबू नका. चाल तीनदा वाजवली असेल तर तिन्ही लिहा, एकाखाली एक. डोरनसारखा माणूस एकच बार तीन वेळा तीन तऱ्हेने वाजवतो आणि त्यातली 'खरी' कुठली हा प्रश्नच चुकीचा आहे, जसं बंदिशीतली एकच तान खरी म्हणता येत नाही तसं. लिहायला एबीसी नोटेशन वापरा, ख्रिस वॉलशॉ यांनी काढलेलं, साध्या टाइप केलेल्या अक्षरांत अख्खी चाल बसते, वर टी च्या ओळीत नाव, आर मध्ये प्रकार, एम मध्ये ताल, के मध्ये पट्टी. मी त्यात एस ची ओळ कधीच रिकामी सोडत नाही, कारण ती सोर्सची, वादक कोण, वाद्य कुठलं, फाइलमध्ये कितव्या मिनिटाला.

आणि मग स्कॉटलंड. रेकिश पॅडीच्या पर्यायी नावांत 'केबर फे' किंवा 'केपर फे' असलं काहीतरी दिसेल, ते 'कॅबर फेइ'चं झालेलं आहे, म्हणजे हरणाची शिंगं, मॅकेंझी घराण्याचं चिन्ह. त्या नावाची स्कॉटिश चाल शेजारी ठेवली की दोघी बहिणी आहेत हे लगेच कळतं, ते दोन शेजारच्या सुरांमध्ये झोके घेणं सारखंच आहे. मग लोक लगेच जाहीर करतात की बघा, 'ओरिजिनल' स्कॉटिश. मी जरा थांबतो. आधी वाद्य बघायचं. स्कॉटिश हायलँड पाइप्सवर फक्त नऊ सूर आहेत, आयरिश पाइप्सवर दोन सप्तकं. तुमच्या नोटेशनमधला जो तुकडा नऊ सुरांत मावत नाही तो हायलँड पाइप्सवर वाजूच शकत नाही, म्हणजे तो बहुधा फिडलवर किंवा आयरिश पाइप्सवर आलेला. असे तुकडे वेगळ्या रंगाने मार्क करत जा, कुठला भाग जुना आणि कुठला नंतर चिकटला याचा अंदाज त्यातून येतो. अंदाजच हं, त्याला पुरावा म्हणून मिरवू नका.

कॉपीराइटचं थोडक्यात सांगतो. पारंपरिक चाल कुणाच्या मालकीची नाही पण तिचं रेकॉर्डिंग असतं, आणि अमेरिकेत १९२३च्या आधीची रेकॉर्डिंगं २०२२च्या १ जानेवारीपासून मोकळी झालीत, त्यानंतरची हळूहळू होतायत. आर्काइव्हमधल्या गोष्टी अपलोड करण्याआधी विचारा.

राहता राहिलं आजोबांचं उत्तर. माझ्या शीटमध्ये नाव, वादक, वाद्य, भरलं, निघालं, पट्टी, ठसा एवढेच कॉलम होते बरीच वर्षं. मग एकदा कोलमनचं १९३४चं रेकॉर्डिंग ऐकत होतो, टारबोल्टन, मग लाँगफर्ड कलेक्टर, मग सेलर्स बॉनेट, आणि लक्षात आलं की आमच्या पबमध्येही या तीन याच क्रमाने येतात, दर वेळी, आणि वाजवणाऱ्या निम्म्या लोकांना नावं सांगता येत नाहीत पण पुढची कुठली ते बोटांना पाठ आहे. एका तबकडीचा क्रम नव्वदेक वर्षं तसाच चालत आलाय. 'आधीच्या चालीनंतर वाजवतात ती' हा अगदी चोख पत्ता होता, फक्त मला तो वाचता येत नव्हता. आता शीटमध्ये अजून दोन कॉलम आहेत, आधी काय आणि नंतर काय, आणि चाल अडली की सगळ्यात आधी मी तेच दोन उघडतो.